‘गोदावरी’ नावाचा माग कसा काढावा : मुलींच्या नावांचा उगम आणि चढउतार तपासण्याची रीत

आपल्या घराण्यातील एखाद्या पणजीचे नाव कोठून आले आणि पुढच्या पिढ्यांनी ते का टाकले, असा प्रश्न बारशाच्या निमित्ताने अनेक घरांत निघतो. परंतु कोशातला अर्थ सांगितला की उत्तर दिले, असे समजून विषय तेथेच सोडला जातो. वास्तविक तेथे दोन प्रश्न असतात. शब्द म्हणून ते नाव कसे घडले, हा पहिला. आणि आईवडिलांनी ते मुलीला का दिले, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ग्रंथांत सापडते, दुसऱ्याचे शाळांच्या नोंदवह्यांत, क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत आणि म्हाताऱ्या माणसांच्या स्मरणात. नाशिकमध्ये राहणाऱ्याला या दोन्ही वाटांनी जाण्यासाठी ‘गोदावरी’ हे नाव फार सोयीचे आहे, कारण नदी, तीर्थ, शिलालेख आणि जुन्या शाळा या साऱ्या गोष्टी येथे हाताशी आहेत. पुढील रीत याच नावाला धरून सांगितली आहे. ती कोणत्याही नावाला लावता येईल.

प्रथम रूपे ठरवावीत

कामाला लागण्यापूर्वी आपण नेमके काय मोजणार आहोत हे कागदावर लिहून काढावे. गोदावरी, गोदा, गोदाबाई, गोदूबाई, गोदूताई, गोदी ही एकाच नावाची रूपे आहेत, याविषयी कोणाचे दुमत होणार नाही. कुळकर्ण्यांच्या जुन्या मोडी कागदांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसल्यामुळे ‘गोदु’ आणि ‘गोदू’ असे दोन प्रकार करण्याचे कारण नाही.

खरी अडचण यापुढे आहे. नाशिककर आपल्या नदीला नित्याच्या बोलण्यात ‘गंगा’ म्हणतात. स्नानाला ‘गंगेवर’ जायचे, पूर आला की ‘गंगेला पूर आला’ म्हणायचे, ही येथली बोली आहे. गंगाघाट, गंगापूर ही नावेही तिचीच. तेव्हा पंचवटीत किंवा जुन्या नाशकात जन्मलेल्या एखाद्या गंगूबाईचे नाव काशीच्या गंगेवरून ठेवले की घरामागच्या गोदेवरून, हे नुसत्या नोंदीवरून सांगता येत नाही. नदीचे तिसरे नाव ‘गौतमी’. त्याची गुंतागुंत तर याहून अधिक आहे. माझ्या मते तीन स्वतंत्र रकाने आखावेत : गोदावरी आणि तिची घरगुती रूपे एकात, गंगा दुसऱ्यात, गौतमी तिसऱ्यात. त्यांची बेरीज कधीही करू नये. मात्र एक रकाना ओसरत असताना दुसरा भरतो आहे का, हे शेजारी ठेवून जरूर पाहावे.

उगम शोधताना

शब्दाची फोड अवघड नाही. ‘गो’ म्हणजे गाय किंवा पाणी, ‘दा’ हा देण्याचा धातू, आणि ‘वरी’ हा स्त्रीलिंगी प्रत्यय. म्हणून गाय किंवा पाणी देणारी ती गोदावरी. ब्रह्मगिरीवर गौतम ऋषींच्या हातून गोहत्येचा दोष घडला आणि त्याच्या परिहारासाठी त्यांनी तपाने गंगा खाली आणली, ही त्र्यंबकेश्वरची कथा याच ‘गो’शी जोडलेली आहे. कथा आणि व्युत्पत्ती यांची टिपणे वेगळी ठेवावीत. कथेवरून नाव पडले की नावाच्या आधाराने कथा वाढली, याचा निकाल लावण्याच्या भरीस आपण पडू नये. पण ज्या आजोबांनी नातीचे नाव ठेवले त्यांच्या मनात ही कथा होती, एवढे पुष्कळदा खात्रीने समजू शकते, आणि आपल्या कामाला तेवढे पुरते.

ग्रंथांतील जुने उल्लेख पाहताना ते नदीचे आहेत की स्त्रीचे, ही खूण प्रत्येक टिपणावर करावी. रामायणातील पंचवटी गोदावरीच्या काठची आहे आणि हालाच्या गाथासप्तशतीत, म्हणजे जुन्या प्राकृत पद्यसंग्रहात, हीच नदी ‘गोला’ या प्राकृत रूपात वारंवार येते; पण हे सर्व उल्लेख नदीचे आहेत, त्यांवरून मुलींची अशी नावे तेव्हा होती असे सिद्ध होत नाही. तमिळ संतकवयित्री आंडाळ हिला ‘गोदा’ म्हणतात, हे वाचून नवा शोधक हुरळून जातो. ते नाव ‘कोदै’ या तमिळ शब्दावरून आले असून त्याचा आपल्या नदीशी संबंध नाही. ध्वनी सारखा म्हणून मूळ एक, असे मानणे ही या क्षेत्रातील सर्वांत जुनी खोड आहे.

त्या काळी स्त्रियांची नावे कशी असत हे पाहायचे, तर नाशिकजवळच्या पांडवलेण्यांवर, म्हणजे जुन्या बौद्ध लेण्यांवर, चढून जावे. तेथील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातील लेख सातवाहन राजा पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातला असून त्यात दान देणारी राजमाता गौतमी बलश्री आहे. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाची मुलगी आणि उषवदाताची पत्नी दक्षमित्रा भेटते. तेथेच आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातील लेखात उपासिका विष्णुदत्ता आहे. आणि अठराव्या क्रमांकाच्या चैत्यगृहात भट्टपालिका. नदीच्या इतक्या जवळ कोरलेल्या या चार नावांत नदीचे नाव एकही नाही. यातील ‘गौतमी’ पाहून घाई करू नये, कारण तेथे ‘गौतमी’ हा शब्द गोत्र दाखवतो, राणीचे स्वतःचे नाव बलश्री आहे. आईच्या गोत्रावरून मुलगा गौतमीपुत्र म्हणवला गेला. चार लेखांवरून एखाद्या युगाचा निवाडा करता येत नाही हे खरे, तरी उगमाचा काळ ठरवताना नदीची प्राचीनता नावाला उसनी देऊ नये, एवढा धडा त्यातून घेता येतो.

धर्मशास्त्राकडेही एक नजर टाकावी. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात स्त्रियांची नावे सुखाने उच्चारता येणारी, स्पष्ट अर्थाची, मंगल आणि दीर्घ स्वरांत संपणारी असावीत असे म्हटले आहे. ‘गोदावरी’ या कसोटीला उतरते. तिसऱ्या अध्यायात मात्र नक्षत्राचे, वृक्षाचे किंवा नदीचे नाव असलेली मुलगी वधू म्हणून टाळावी असे सांगितले आहे. मराठी घरांनी हा निषेध मुळीच मनावर घेतलेला दिसत नाही : गंगा, यमुना, भागीरथी, कृष्णा, गोदावरी यांनी गावेच्या गावे भरली होती. शास्त्रात काय लिहिले आहे यावरून लोक काय करत होते हे ठरवू नये, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला माहीत नाही.

‘गौतमी’विषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण नाशिक जिल्ह्यात या नावाला निदान दोन जिवंत झरे आहेत. एक नदीचा आणि गौतम ऋषींचा. दुसरा बुद्धाचा, ज्याचे पालनपोषण महाप्रजापती गौतमीने केले. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तो याच शहरात, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली ती याच जिल्ह्यातील येवल्यात. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनेक घरांत सुजाता, यशोधरा, गौतमी अशी नावे विचारपूर्वक ठेवली गेली. तेव्हा एकाच वर्गात बसलेल्या दोन गौतमींची नावे दोन निराळ्या कारणांनी ठेवलेली असू शकतात, आणि त्यांना एका रेघेवर मोजून ‘नदीच्या नावाची लोकप्रियता वाढली’ असे लिहिणे ही सरळ चूक ठरेल. येथे घरच्या माणसांना विचारण्यावाचून दुसरा उपाय नाही.

विचारताना ‘नावाचा अर्थ काय’ असे विचारू नये. त्याचे उत्तर सगळ्यांना पाठ असते. नाव कोणी सुचवले, तेच नाव घरात आधी कोणाचे होते, जन्म तीर्थयात्रेच्या किंवा नवसाच्या वेळी झाला होता का, आणि पत्रिकेतले नाव कोणते होते, असे विचारावे. शेवटचा प्रश्न विशेष उपयोगी पडतो. शततारका नक्षत्राच्या पहिल्या चरणाचे अक्षर ‘गो’ आहे, म्हणून त्या चरणावर जन्मलेल्या मुलीला नदीचा काहीही विचार न करता ‘गोदावरी’ नाव मिळालेले असू शकते. जुन्या पत्रिकेत वर्ष शकाचे असते. त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो आणि पौष ते फाल्गुनातील जन्म असेल तर बहुधा ७९ मिळवावे लागतात.

लग्नात बदललेली नावे

या शोधात सर्वाधिक फसगत होते ती येथे. महाराष्ट्रातील अनेक समाजांत लग्नात ताटातील तांदळांवर सोन्याच्या अंगठीने वधूचे नवे नाव लिहिण्याची चाल होती आणि काही घरांत अजूनही आहे. म्हणजे एका स्त्रीला जन्मतः एक आणि सासरी दुसरे नाव असे; पहिले मुलीच्या आईवडिलांची आवड सांगते, दुसरे नवऱ्याची किंवा सासरची. दोहोंच्या काळात दहा-पंधरा वर्षांचे अंतर असते आणि कागदावर बहुधा एकच उरते.

प्रसिद्ध उदाहरणे घेतली तर गोष्ट स्पष्ट होते. १८६५ मध्ये कल्याणला जन्मलेली यमुना लग्नानंतर आनंदीबाई जोशी झाली आणि त्याच नावाने डॉक्टर म्हणून जगाला माहीत झाली. १८६२ मध्ये जन्मलेली आणखी एक यमुना रमाबाई रानडे झाली. धोंडो केशव कर्व्यांशी १८९३ मध्ये पुनर्विवाह करणाऱ्या गोदूबाई आनंदीबाई कर्वे झाल्या. तिन्ही मुलींची माहेरची नावे नद्यांची आणि तिन्ही सासरी पुसली गेली. मनुस्मृतीतील त्या निषेधाचा दोष नाव बदलल्याने आपोआप टळत असे, असा तर्क करण्याचा मोह येथे होतो. पण तो तर्कच आहे, कारण नद्यांची नसलेली नावेही तितक्याच सहजतेने बदलली जात. याउलट १९०७ मध्ये जन्मलेल्या गोदावरी गोखले लग्नानंतर आडनावाने परुळेकर झाल्या, पण नाव गोदावरीच राहिले आणि वारली आदिवासींच्या लढ्यात त्या गोदूताई म्हणूनच ओळखल्या गेल्या.

म्हणून प्रत्येक नोंदीपुढे ‘माहेरचे’ की ‘सासरचे’ हे लिहावे, आणि ठरवता येत नसेल तर ‘संदिग्ध’ असे लिहून ती नोंद मुख्य मोजणीबाहेर ठेवावी.

नोंदी कोठे पाहाव्यात

सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे जुन्या प्राथमिक शाळेची दाखल-खारीज नोंदवही, जिला जनरल रजिस्टरही म्हणतात. तिच्यात मुलीचे माहेरचे नाव, वडिलांचे नाव, जात आणि जन्मतारीख एका ओळीत मिळते. जन्मतारखांत १ जूनची गर्दी दिसेल. ती शाळा सुरू होण्याच्या सोयीने गुरुजींनी घातलेली तारीख असते, त्यामुळे वर्षही एक-दोन वर्षांनी इकडेतिकडे धरावे. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज करून, केवळ नावे आणि वर्षे टिपणार आहोत असे स्पष्ट सांगावे, आणि परवानगी मिळाल्यास वहीची छायाचित्रे न घेता तेथेच बसून मोजावे. एक अडचण लक्षात ठेवावी : स्वातंत्र्यापूर्वीच्या दशकांत शाळेत जाणाऱ्या मुली थोड्याच घरांतल्या होत्या, म्हणून शहरातील एका शाळेच्या जोडीला निफाड, सिन्नर किंवा दिंडोरीकडील एखादी जिल्हा परिषदेची शाळा घ्यावी. पेठ-सुरगाण्याकडील आदिवासी पाड्यांतली शाळा घेतली, तर जन्मवारावरून ठेवलेल्या बुधी, सोमी अशा नावांची अगदी वेगळी परंपरा समोर येईल आणि शहराची आवड म्हणजे जिल्ह्याची आवड नव्हे, हे आकड्यांतच दिसेल.

जन्मनोंदीविषयी लोकांची अपेक्षा मोठी असते आणि निराशाही. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्यानुसार बाळाची नोंद नावाशिवायही होऊ शकते. नाव पहिल्या बारा महिन्यांत विनाशुल्क आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येते. साहजिकच जुन्या नोंदींत नावाचा रकाना अनेकदा कोरा असतो. त्याआधीचे कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना क्रमांक १४, याहून त्रोटक असते. तेथे बापाचे नाव आणि मुलगी झाली एवढेच पुष्कळदा सापडते, तेही मोडीत. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने शाळाप्रवेशासारख्या कामांसाठी जन्मदाखल्याचे महत्त्व वाढले आहे, त्यामुळे पुढील काळाची नोंद अधिक भरलेली असेल.

त्र्यंबकेश्वर आणि रामकुंड येथील क्षेत्रोपाध्यायांच्या नामावळींत गाव व आडनाव सांगितले की घराण्याच्या कित्येक पिढ्या निघतात. श्राद्धात आई, आजी आणि पणजी अशा तिघींची नावे उच्चारावी लागत असल्याने स्त्रियांची नावेही तेथे टिकतात, परंतु ती सासरची असतात. उपाध्यायांचा वेळ मोलाचा असतो; आपल्याच घराण्याच्या पानांपुरते विचारावे आणि दक्षिणेत हात आखडता घेऊ नये.

१८४० मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयात, ज्याला गावात ‘सावाना’ म्हणतात, जुनी नियतकालिके पाहता येतात. ‘गावकरी’ आणि ‘देशदूत’ यांच्या जुन्या अंकांतील निधनवार्ता वयासह नाव देतात. वय वजा केले की जन्माचे दशक कळते. येथे ‘गं. भा.’ या अक्षरांना फसू नये. ती ‘गंगा भागीरथी’ची असून विधवेच्या नावापूर्वी लिहिली जात, ‘गंगा’च्या रकान्यात ती जाता कामा नयेत. मतदार यादी सहज मिळते आणि तिच्यात वयही असते, पण ती फक्त हयात स्त्रियांची आणि बहुतांशी सासरच्या नावांची असल्याने तिला मी शेवटचे स्थान देतो.

मोजणी आणि तिचा अर्थ

मोजताना नुसती संख्या लिहू नये. त्या दशकात नोंदलेल्या एकूण मुलींशी तिचे प्रमाण काढावे. समजा, एका शाळेत १९४१ ते १९५० या काळात जन्मलेल्या ३०० मुलींत ९ गोदावरी आहेत आणि पुढच्या दशकातील ९०० मुलींत १२. संख्या वाढली, पण प्रमाण शेकडा ३ वरून सुमारे १.३३ पर्यंत खाली आले. मुलींचे शिक्षण वाढत असलेल्या काळात ही चूक न कळत होते. दशकात शंभरापेक्षा कमी मुली असतील तर दोन दशके एकत्र करावीत. त्याच पानांवरून आणखी तीन-चार नावे सोबत मोजावीत, म्हणजे गोदावरी एकटी ओसरली की यमुना, भागीरथी, द्वारका, काशी हे सारे तीर्थांचे कुटुंबच ओसरले, हे कळेल.

बहुधा दुसरेच दिसेल. ‘बाई’ लावून शोभणारी तीर्थांची आणि देवतांची नावे मागे पडत असताना कुसुम, मालती, नलिनी, शकुंतला, सुशीला अशी नावे पुढे आली. त्यांच्यामागून सुनीता, संगीता, वैशाली, मनीषा. मग पूजा, स्नेहल, प्रियांका. आणि आता आरोही, स्वरा, अन्वी यांसारखी दोन-तीन अक्षरी नावे. माझ्या समजुतीप्रमाणे ‘गोदावरी’ला लांबी जितकी नडली त्याहून अधिक ‘गोदाबाई’ने नडवले : ज्या पिढीने हे नाव आजीच्या तोंडी आणि आजीसाठीच ऐकले, तिला ते तान्ह्या मुलीला देववेना. पणजी दिसेनाशी झाली की हा अडथळा सैल होतो. जुनी नावे दोन-तीन पिढ्यांनी पुन्हा हाती घेतली जातात त्याचे कारण मला हेच वाटते. परंतु परत येताना ती ‘गोदा’, ‘गौतमी’ अशी आखूड किंवा पर्यायी होऊन येतात, म्हणून आरंभी आखलेले तीन रकाने येथे उपयोगी पडतात.

सिंहस्थाच्या, म्हणजे नाशिकच्या कुंभमेळ्याच्या, वर्षी जन्मलेल्या मुलींना नदीचे नाव अधिक मिळते, असे नाशकात सांगितले जाते. हे तपासणे सोपे आहे. १९८०, १९९१, २००३ आणि २०१५ या सिंहस्थांच्या आसपासची दोन-दोन वर्षे आणि मधली साधी वर्षे यांतील प्रमाणांची तुलना करावी. लग्नांच्या नोंदीवरून मात्र हे पाहू नये. गुरू सिंह राशीत असताना विवाह वर्ज्य मानणाऱ्या घरांमुळे त्या वर्षांतील आकडे मुळातच वाकडे होतात. शाळेच्या नोंदीत मूल सहाव्या वर्षी येते, म्हणून २०१५ च्या मुली २०२१ च्या पहिलीत शोधाव्यात आणि २०२६-२७ च्या सिंहस्थातील मुलींसाठी २०३३ च्या जूनपर्यंत थांबावे.